ताणलेल्या स्नायूचें उत्तर

डॉक्टर रोग्यास पाय लोंबते सोडून बसावयास सांगतात व गुडघ्याच्या वाटीखालीं रबराच्या लहान हातोडीनें हलकेंच ठोकतात. तत्क्षणीं पाय आपोआप पुढें उडतो. ‘आम्हीं पाय हालविला नाहीं, मग तो हालला कसा?’ असा प्रश्न पुष्कळ मुलें विचारतात. आणि कांहीं पालकांस ही केवळ एक गंमत वाटते. वास्तविक त्या एका ठोक्यानें डॉक्टर पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूची परीक्षा घेत असतात. ती कशी, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गुडघ्याच्या वाटीखालीं बोटानें चांचपून पाहिल्यास एक बळकट पट्टा हातास लागतो. मांडीच्या पुढील बाजूचा मोठा स्नायु ह्याच पट्ट्यानें नडगीच्या हाडास जोडलेला आहे. हातोडीचा आघात होतांच पट्टा किंचित् आंत दबतो व मांडीचा स्नायु एकदम थोडासा ताणला जातो. दुखल्यामुळें पाय उडतो, असा जो समज आहे तो खरा नाहीं. येथें कारण वेदना नव्हे, ताण होय.

हा ताण स्नायूस कळतो कसा? स्नायूच्या तंतूंमध्यें अतिसूक्ष्म ज्ञानेंद्रियें विखुरलेलीं असतात. तीं चरख्याच्या चातीसारखीं, मध्यें फुगीर व दोन्ही टोंकांस निमुळतीं असतात; म्हणून त्यांस आपण स्नायु-चाती म्हणूं. प्रत्येक चाती कांहीं मिलिमीटर लांब असून तिच्या मध्यभागाभोवतीं ज्ञानतंतूचें टोंक मळसूत्राप्रमाणें गुंडाळलेलें असतें. स्नायु लांबला कीं चातीहि लांबते, तिचे वेढे ताणले जातात, आणि ज्ञानतंतूंतून मज्जारज्जूकडे वर्दी निघते. तिचा वेग सेकंदास सुमारें ८० ते १२० मीटर असतो.

मज्जारज्जूंत ही वर्दी थेट गतितंतूंच्या पेशींस पोंचते. मध्यें दुसरी कोणतीहि पेशी नसते. लागलीच हुकूम सुटतो आणि मांडीचा स्नायु आंखडून पाय पुढें उडतो. त्याच वेळीं वर्दीची एक शाखा मधल्या एका पेशीच्या द्वारें मांडीच्या मागील स्नायूंस शिथिल करावयास लावते. नाहींतर दोन बाजूंच्या स्नायूंची ओढाताण होऊन पाय जागचा हालला नसता. हातोडी पडल्यापासून स्नायु उत्तर देऊं लागेपर्यंत सेकंदाचे सुमारें २० ते ३० हजारांश भाग लागतात. डोळ्यांनीं खूण पाहून बुद्ध्या हालचाल करावयाची तर सुमारें २०० हजारांश लागतात. पूर्वीं गांवचा पाटील लहानसा तंटा जागच्या जागीं मिटवी व मागाहून मामलेदारास कळवी, तसाच हा प्रकार आहे. मेंदूस वार्ता कळते, पण काम होऊन गेल्यावर!

१८७५ सालीं जर्मनींत एर्ब व वेस्टफाल ह्या दोन वैद्यांनीं गुडघ्याच्या ह्या उसळीचें वर्णन स्वतंत्रपणें प्रसिद्ध केलें. वेस्टफाल ह्यांस ती स्नायूची स्वतःचीच क्रिया वाटली. एर्ब ह्यांनीं ती मज्जारज्जूच्या द्वारें घडणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे असें मानिलें. एर्ब ह्यांचेंच म्हणणें खरें ठरलें. पुढें १९२४ सालीं इंग्लंडांत शेरिंग्टन व लिडेल ह्यांनीं दाखविलें कीं, स्नायु थोडासा ताणला तरी तो आंखडून उत्तर देतो, आणि त्याचे ज्ञानतंतु तोडल्यास तें उत्तर नाहींसें होतें. मज्जासंस्थेवरील संशोधनाबद्दल शेरिंग्टन ह्यांस एड्रियन ह्यांच्यासमवेत १९३२ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

ही योजना अर्थातच हातोडीकरितां नाहीं. आपण उभे असतां शरीर सदैव किंचित् डुलत असतें. तें पुढें झुकलें कीं पोटरीचे स्नायु ताणले जातात व आंखडून त्यास मागें ओढूं लागतात. डोळे, कान व मेंदू हेहि तोल राखण्यास झटत असतात. परंतु पहिली मदत बहुधा स्नायूकडूनच येते. हातांतील पुस्तकांवर कोणीं अकस्मात् आणखी एक पुस्तक ठेविलें तरी हात फार खालीं जात नाहीं, ह्यांतहि ह्या क्रियेचा वांटा आहे. चाती ताणाच्या वेगास विशेष जागरूक असतात. म्हणून व्यायाम करतांना हिसके देऊन अंग ताणूं नये. हळूहळू ताणावें, म्हणजे स्नायु विरोध कमी करतो.

आतां महत्त्वाची गोष्ट. मज्जारज्जु हें काम हुकुमावांचून करीत असला, तरी मेंदू त्यास लगाम घालीत असतो. पक्षाघातानें मेंदूकडील मार्ग बिघडला, तर कालांतरानें हा लगाम सुटतो. मग पाय अति जोरानें उडतो व अवयव ताठरतो. उलट पोलिओंत गतितंतूंच्या पेशीच मरतात. तेव्हां हुकूम देणाराच न उरल्यानें पाय लुळा पडतो व ठोक्यास उत्तर देत नाहीं. २०१४ च्या मार्चमध्यें भारत पोलिओमुक्त ठरला, हें केवढें भाग्य! दोन्ही रोग्यांस चालतां येत नाहीं. पण बिघाड कोठें आहे, हें शोधण्यास एक हातोडी केवढें साहाय्य करते!

पालकांनीं मात्र घरीं प्रयोग करून घाबरूं नये. निरोगी माणसांतहि कोणाचा पाय जोरानें उडतो, तर कोणाचा जेमतेम. डॉक्टर दोन्ही पायांची तुलना करून व इतर लक्षणें पाहूनच मत देतात. उत्तर मंद असल्यास ते दोन्ही हातांचीं बोटें एकमेकांत अडकवून ओढावयास सांगतात. मग तोच पाय अधिक उडतो. ही युक्ति १८८५ सालीं हंगेरींतील येंद्राशिक ह्यांनीं सांगितली.

विद्यार्थ्यांनीं ह्यांतून एवढें ध्यानांत ठेवावें कीं, शरीराचें स्थैर्य दोन गोष्टींवर अवलंबून आहे: खालच्याची तत्परता आणि वरच्याचा संयम. दोहोंपैकीं एक गेली, तरी पाऊल नीट पडत नाहीं.