कोलेस्टेरॉलची गोळी रात्रीच का?

रक्तदाबाची गोळी सकाळी, मग कोलेस्टेरॉलची रात्री जेवणानंतर का? अनेक घरांत हा प्रश्न निघतो.

कोलेस्टेरॉल फक्त तुपातून येतं, असं आपण धरून चालतो. खरं तर बरंचसं आपलं यकृतच बनवतं, आणि हा कारखाना रात्री जास्त चालतो. स्टॅटिन गटातली गोळी तिथल्या एका कळीच्या विकराला अडवते, उत्पादन घटतं.

पण मला सर्वांत सुंदर वाटते ती पुढची पायरी. आतला माल कमी पडला की यकृत आपल्या पेशींच्या दारांवर जास्त हमाल उभे करतं. ते रक्तातून वाहणारं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उचलून आत ओढतात. रक्तातलं प्रमाण उतरतं ते मुख्यतः यामुळेच. धमन्यांच्या भिंतींवर थर साचण्याचा वेगही मंदावतो.

जपानच्या अकिरा एन्डो यांनी हजारो सूक्ष्मजीव तपासले, तेव्हा १९७३ साली स्टॅटिन गटातला पहिला पदार्थ त्यांना एका बुरशीत सापडला.

याच गटातल्या सिमव्हास्टॅटिनचा अंमल काही तासांत ओसरतो, म्हणून ती रात्री. अटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन शरीरात बराच काळ टिकतात, त्यामुळे त्या सकाळी घेतल्या तरी चालतं. मात्र गोळी मनानेच बंद केली, तर काही आठवड्यांत हमाल पुन्हा पूर्वीइतकेच उरतात.