पडक्या घराचा कागद

जोतिबाच्या डोंगरावरची वाडी रत्नागिरी असो वा दुसरे गाव, गावठाणातले पडके घर पाडून नवे उभारायचे तर आधी परवानगी हवी. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याचे 52 वे कलम तसे सांगते. शाहू महाराजांनी 1918 साली महार वतन रद्द करून जमिनी रयतावा केल्या; पण घराखालची जागा आजही कित्येकांच्या नावावर नाही. आठ नंबरचा उतारा ही घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. रमाई घरकुलही जागेच्या कागदापाशीच अडते. म्हणून वस्तीतल्या शिकलेल्यांनी पुढे व्हावे : अर्ज लेखी द्यावा, शिक्क्यानिशी पोच घ्यावी, नकारही लेखीच मागावा. तोंडी नकाराविरुद्ध दाद मागणे कठीण असते आणि भिंत तर पावसाळ्यापर्यंतही थांबत नाही.