सगळ्यांकडे जाणारे बाळ



आमच्या मुलीच्या आगमनाची बातमी कळल्यावर तुमच्यापैकी अनेकांनी फोन केले, पत्रे पाठवली. ‘मुलगी रुळली का?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाने विचारला. एका वाक्यात उत्तर देता येईना, म्हणून हे लिहीत आहे. मंडळीत कोणाच्या घरी असे बाळ येणार असेल, तर त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही उपयोग होईल.

आम्ही दोघे मूळचे नगरकडचे, आता अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो आणि तिथलेच नागरिक आहोत. त्यामुळे आमचे दत्तक आंतरदेशीय ठरले. ‘कारा’चे ना-हरकत पत्र, दत्तक आदेश, पासपोर्ट, मग दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीतून व्हिसा असा तो प्रवास. भारताने 2003 साली मान्य केलेल्या हेग कराराप्रमाणे हे चालते. मुलांचा व्यापार होऊ नये म्हणून ही सारी तपासणी असते, त्यामुळे उशिराबद्दल आम्ही कुरकुर केली तीही अर्ध्या मनानेच. जानेवारीत तिला घेऊन डेट्रॉइटला उतरलो. ती दोन वर्षे चार महिन्यांची होती. 2000 सालच्या तिथल्या बाल नागरिकत्व कायद्यामुळे विमानतळावर तिच्या प्रवेशाची नोंद झाली आणि ती अमेरिकन नागरिक झाली. तिच्या लेखी मात्र मी आणखी एक मावशी होते.

हा ‘मावशी’ शब्द समजून घ्यायला हवा. शिशुगृहात सांभाळणाऱ्या सगळ्याच बायका मावशी. सकाळच्या पाळीची मावशी भरवते, रात्रपाळीची झोपवते. त्या जीव लावतात. आमच्या मुलीला त्यांनीच वाढवले आणि त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण पाळी संपली की मावशी जाते, कधी नोकरी सोडूनही जाते. मग मूल शिकते की हात बदलतच राहतात. जे हात पुढे येतील त्यांत जावे, हसून जावे.

सुरुवातीचे दिवस उलटेसुलटे गेले. हिवाळ्यात मिशिगनचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असते. रात्री दोनला ती टक्क जागी होऊन भात मागायची. पाळण्यासारखा सुंदर पलंग आणला होता, त्यात ती झोपेना. शिशुगृहात रात्रभर मंद दिवा आणि शेजारी इतर मुलांचा श्वास. इथे बाहेर बर्फ आणि घरात चिडीचूप. शेवटी आमच्या पलंगाशेजारी जमिनीवर गादी घातली, दिवा चालू ठेवला, तेव्हा डोळा लागला. पोळीचा तुकडा मुठीत धरूनच झोपायची. तो काढून घ्यायचा नाही, हे आम्हाला समाजसेविकेने सांगून ठेवले होते. उद्या जेवण मिळणार आहे हा भरवसा यायला वेळ लागतो. पडली, लागले, तरी ती रडायची नाही. ‘किती गुणी!’ असे सगळे म्हणत, आम्हीही म्हणत होतो.

दुसऱ्या रविवारी तिला उपासनेला नेले. तासाभरात पाच-सहा जणींच्या कडेवर फिरली, सगळ्यांकडे हसत गेली. मी अभिमानाने बघत होते. दोन दिवसांनी पार्सल घेऊन एक अनोळखी माणूस दारात आला. तिने त्याच्याकडे दोन्ही हात वर केले. त्याने उचलले असते तर ती मागे वळूनही न बघता गेली असती. त्या थंडीतही मला घाम फुटला.

समाजसेविकेने उलगडून सांगितले, की जे मूल कोणाकडेही जाते, त्याला अजून कोणीच आपले नसते. यावर औषध एकच. काही आठवडे भरवणे, न्हाऊ घालणे, उचलणे, समजूत काढणे हे फक्त आईबाबांनीच करायचे. इतरांनी हसावे, बोलावे, पण कडेवर घेऊ नये. मंडळीत हे सांगताना जड गेले. एक भगिनी दुखावल्याच. आजी-आजोबांनासुद्धा व्हिडिओवरच थांबवले, आणि माझ्या आईने ते माझ्यापेक्षा लवकर समजून घेतले.

पहिल्या पंधरवड्यात डॉक्टरांकडे तपासणी झाली. आपल्या बाळांच्या कमरेवर जन्मतः निळसर डाग असतात. परदेशात ते माराचे वळ वाटू शकतात, म्हणून आधीच नोंदवून घ्यावेत. बीसीजी लस घेतलेल्या मुलांची क्षयाची त्वचाचाचणी फसवी येऊ शकते, त्यामुळे रक्ताची चाचणी केली. सिकलसेलची तपासणी आम्ही मागून घेतली. तिथे जन्मलेल्या बाळांची ती जन्मतःच होते, बाहेरून आलेल्यांची राहून जाते. नंदुरबार-गडचिरोलीकडे तो आजार आढळतो हे या पत्रिकेच्या वाचकांना सांगायला नको. (म्हणजे आमची मुलगी तिकडची, असे समजू नका. ती कुठली, कोणाची, ही गोष्ट तिची आहे. मोठी झाल्यावर सांगायची की नाही ते तीच ठरवेल. म्हणून कृपया विचारू नका.)

भाषेच्या बाबतीत आम्ही नशीबवान. ‘पाणी’, ‘नको’, ‘दुखतंय’ हे तिचे शब्द आम्हाला कळत होते. ज्यांची भाषा वेगळी आहे अशा पालकांनी मुलाच्या भाषेतले वीस-पंचवीस शब्द तरी शिकून यावे. ‘आलेच हं’ हा त्यांत सर्वात महत्त्वाचा.

मदत करायची असेल तर आमच्या प्रार्थना गटातल्या थोरल्या काकूंसारखी करावी. त्या वरणभाताचा डबा दाराशी ठेवायच्या, बेल वाजवायच्या आणि गाडीत जाऊन बसायच्या.

सहाव्या आठवड्यात मी न्हाणीघराचे दार लावले आणि बाहेर तिने हंबरडा फोडला. ‘मावशी’ नाही, ‘आई’ म्हणून. ओल्या केसांनी मी दार उघडले. समाजसेविकेला फोन केला तर ती म्हणाली, “अभिनंदन!”

‘कारा’कडे पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी अहवाल जातो. पहिल्या अहवालात वजन, उंची, लसी, झोप सगळे लिहिले होते. त्याच सुमारास उपासनेनंतर त्याच दुखावलेल्या भगिनींनी तिच्यापुढे हात पसरले. ती माझ्या कोटामागे लपली.

“अगं, आधी तर यायचीस!” त्या म्हणाल्या, आणि मग त्यांच्याच लक्षात आले. हात मागे घेऊन त्यांनी तिला दुरूनच टाटा केला. कोटाच्या आडून तिनेही केला.