गोकाकचा झुलता पूल

पावसाळ्यात आपल्या भागातील अनेक कुटुंबे गोकाकचा धबधबा पाहण्यास जातात. घटप्रभा तेथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. १८८५ मध्ये तेथे सूतगिरणी निघाली व १८८७ मध्ये या पाण्यावर वीजनिर्मिती सुरू झाली. धबधब्याजवळचा झुलता पूल सुमारे २०१ मीटर लांब आणि खडकाळ पात्रापासून १४ मीटर उंच आहे.

असा पूल उभा कसा राहतो, असे विद्यार्थी आम्हांस विचारतात. वास्तविक तो उभा नसतो, टांगलेला असतो. चालणाऱ्यांचे वजन उभ्या सळयांतून वरच्या जाड तारदोरांत जाते. हे दोर उंच खांबांवरून जाऊन दोन्ही काठांवर जमिनीत पक्के जखडलेले असतात. मग ते ताठ न ओढता त्यांना झोळ का देतात? अंगणातील कपड्यांची दोरी पाहा. ती जितकी ताठ, तितका ओल्या कपड्यांमुळे खिळ्यावर ताण जास्त!

झुलण्यालाही मर्यादा असते. १८३१ मध्ये इंग्लंडमधील ब्रॉटनचा झुलता पूल सैनिकांच्या एकसाथ पडणाऱ्या पावलांनी हेलकावे खाऊन कोसळला. त्यानंतर पुलावर कदमताल मोडून चालण्याचा हुकूम निघाला. गुजरातेत मोरबीचा जुना झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ रोजी तुटला व १३५ जण दगावले. एका मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ गंजलेल्या होत्या, असे तपासात आढळले.

म्हणून पालकांस आमची विनंती, की झुलता पूल मुद्दाम हलवण्याची मौज मुलांना करू देऊ नये. पूल बंद असल्यास रखवालदाराशी हुज्जत न घालता धबधबा काठावरूनच पाहावा. तेथूनही तो छान दिसतो.