मोटारीचा धक्का कोण सोसतो?

ज्याच्या नांवाचा अर्थच 'धक्के शोषणारा' असा आहे, तो शॉक ॲब्सॉर्बर वस्तुतः धक्के सोशीत नाहीं, असें म्हटल्यास श्रोत्यांस नवल वाटेल. गॅरेजांतील मंडळी त्यास 'शॉकअप' म्हणतात. आपणही तेंच सुटसुटीत नांव घेऊं.

चाक खड्ड्यांत आदळलें म्हणजे तो आघात स्प्रिंग झेलते. १९८८ सालीं बाजारांत आलेल्या टाटामोबाईलसारख्या पिकअप गाडीच्या मागील आंसावर पोलादी पाट्यांची स्प्रिंग असते. ओझें वाहण्याचें कामही तिचेंच. परंतु दबलेली स्प्रिंग उसळी घेते; पुन्हा दबते, पुन्हा उसळते. या हेलकाव्यांस आवर घालणें हें शॉकअपचें कार्य. त्याच्या नळींत तेल असतें आणि त्या तेलांत बारीक छिद्रांचा दट्ट्या खालींवर होतो. छिद्रांतून वाट काढतांना तेलास जो विरोध होतो, त्यांत उसळीची शक्ति खर्ची पडून तिची उष्णता होते. म्हणूनच खडबडीत रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या एकाच आंसावरील दोन शॉकअपांपैकीं एक कोमट आणि दुसरा थंडगार लागला, तर थंड असलेल्याविषयीं संशय घ्यावा.

हेलकावे थांबले नाहींत, तर केवळ बसणाऱ्यांची गैरसोय होते, हा समज घातक आहे. उसळीच्या क्षणीं चाकाची रस्त्यावरील पकड सुटते. आणि जें चाक रस्त्यास नीट टेकलेलें नाहीं, त्याला ब्रेक तरी काय करणार? रिकामी पिकअप मागून हलकी असते, पाटे मात्र ओझ्याच्या हिशेबानें ताठ केलेले. म्हणून वळणावर व ओल्या रस्त्यावर धोका अधिक.

गाडीचा कोपरा दाबून सोडावा व ती किती वेळां डोलते तें पाहावें, ही परीक्षा प्रसिद्ध आहे. पण ताठ पाट्यांच्या बाजूस ती फसवी ठरते. पाट्यांचें परस्पर घर्षणच डोलणें थांबवितें. तेथें शॉकअपवरून ओघळलेलें तेल, फाटलेले रबरी बुश आणि टायरवर ठिकठिकाणीं पडलेले खोलगट चट्टे पाहावेत.

एका आंसावरील दोन्ही शॉकअप एकदम बदलावेत, नाहींतर गाडीच्या दोन बाजू निरनिराळ्या वागतात. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रींच गंज सोडविणारें तेल घालावें. गाडी सपाट जागीं उभी करून चाकांस अटकाव द्यावा. नुसत्या जॅकच्या भरंवशावर तिच्याखालीं कधींही शिरूं नये. चौकट भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवावी, आंसासही आधार द्यावा. बुशांचे नट शेवटचे आवळावयाचे, ते गाडी चाकांवर उतरल्यानंतर. अधांतरीं आवळलेलें रबर पुढें सदैव पिळवटून लवकर फाटतें. जेथें शॉकअपभोंवतींच गुंडाळीची स्प्रिंग असते, तेथें मात्र घरीं हात घालूं नये. दाबलेली स्प्रिंग निसटली तर प्राणावर बेततें.

नवे शॉकअप बसविल्यानें बसलेले पाटे वर येत नाहींत, कीं अधिक माल लादण्याची मुभाही मिळत नाहीं. गाडी मागून खचली असेल, तर पाटेच तपासले पाहिजेत. आणि ती डोलूं लागली असेल, तर शॉकअप पाहावेत; तेही पुढल्या खेपेस माल भरण्यापूर्वीं.