लिपी एक, भाषा दोन

वेब स्टुडिओ म्हणजे संकेतस्थळे बांधून देणारे छोटे कार्यालय. माणसे दोन ते पाच. एक जण पानांचे रंगरूप ठरवतो, एक जण कोड लिहितो, तिसरा ग्राहकांशी बोलतो आणि थकलेली बिले वसूल करण्याचे कामही बहुधा त्याच्याच गळ्यात पडते. यंत्रसामग्री थोडी, जागा त्याहून थोडी. त्यामुळे हा धंदा भर बाजारपेठेत असावा लागत नाही. सदनिकेतल्या एका खोलीतूनही तो चालतो. भोपाळच्या बाग सेवनियासारखी वस्ती त्याला चांगली मानवते. जवळच एम्स आणि साकेत नगर, १९७० मध्ये स्थापन झालेले बरकतुल्ला विद्यापीठ आणि पलीकडे भेलची वसाहत. दवाखाने, शिकवणी वर्ग, वसतिगृहे असे गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावर असते. कोड लिहिणारी मुले मॅनिट आणि राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालय यांच्यासारख्या शहरातल्याच संस्थांतून मिळतात.

अशा स्टुडिओकडे कधी ना कधी मराठी संस्थेचे काम येते, आणि त्यामागे इतिहास आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि भोपाळ त्याची राजधानी बनले. त्याआधीच्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. कचेऱ्यांबरोबर नागपूरची मराठी कर्मचारी कुटुंबेही भोपाळला आली. त्याच सुमारास जड विद्युत उपकरणांचा, म्हणजे आजच्या भेलचा, कारखाना उभा राहिला आणि त्यानेही बाहेरून माणसे आणली. तात्या टोपे यांच्या नावाची एक मोठी वस्ती शहरात आहे. राज्य शासनाची मराठी साहित्य अकादमीही भोपाळमध्येच आहे. गणेशोत्सव, वधू-वर मेळावा, दिवाळी अंक, देणगीची पावती या सगळ्यांना आज साइट लागते. ती बांधणारा मुलगा हिंदीभाषक असतो. मराठीही देवनागरीतच लिहितात, तेव्हा वेगळे असे काय असणार, अशी त्याची समजूत असते. ती चुकीची आहे.

आधी अक्षर यंत्रात कसे शिरते ते पाहावे लागेल. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. त्या काळच्या मराठी साइटी फसव्या होत्या. पानावर दिसायचे मराठी, पण साठवलेली असायची इंग्रजी अक्षरे. एका ठरावीक फॉन्टने त्या प्रत्येक अक्षराला देवनागरीचे सोंग दिलेले असे. तो फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नसला की पानभर अर्थहीन खुणा दिसत. प्रत्येक वृत्तपत्राचा फॉन्ट वेगळा, म्हणून एका ठिकाणचा मजकूर दुसऱ्या ठिकाणी चालत नसे आणि शोधयंत्राला त्यातले काहीच कळत नसे. युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला आणि हे सोंग संपले. विंडोज २००० बरोबर रघुनाथ कृष्ण जोशी यांनी घडवलेला मंगल फॉन्ट आला आणि युनिकोडमधले मराठी घराघरातल्या पडद्यावर दिसू लागले. तरीही संस्थांच्या कपाटात जुन्या फॉन्टांतल्या फाइली अजून पडून आहेत. मंडळाच्या स्मरणिकेची सीडी स्टुडिओत आली की पहिला दिवस त्या मजकुराचे युनिकोड करण्यात जातो आणि दुसरा दिवस त्या रूपांतरातल्या चुका वेचण्यात. या कामाचे पैसे सहसा कोणी आधी धरलेले नसतात.

मात्र युनिकोडने लिपीला क्रमांक दिले, भाषेला नाही. हिंदीचा ‘ल’ आणि मराठीचा ‘ल’ यांचा क्रमांक एकच आहे. वळण वेगळे आहे: मराठी ‘ल’ पाकळीचा, हिंदीत तो दंडाचा, मराठी ‘श’ देठाचा, हिंदीत गाठीचा. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये मराठी लेखनासाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरण्याचा निर्णय काढला, म्हणजे हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न राहिलेला नाही. नोटोसारख्या चांगल्या फॉन्टांत दोन्ही वळणे भरलेली असतात. कोणते काढायचे हे ब्राउझरला पानाच्या अगदी वरच्या ओळीतल्या भाषेच्या नोंदीवरून कळते. तिथे ‘एमआर’ ही दोन अक्षरे असली तर मराठी वळण, नसली तर फॉन्टाचे नेहमीचे, म्हणजे नोटोत हिंदी. दृष्टिहीन वाचकासाठी पान वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरेही तीच नोंद पाहून आवाज निवडतात. ती हिंदीची असेल तर मराठी मजकूर हिंदी उच्चारांत ऐकू येतो. वर्डप्रेस या साइट बांधण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम सेटिंगच्या एका खान्यात होते. अर्ध्या मिनिटाचे काम, आणि हमखास राहून जाणारे.

याहून खट्याळ प्रकरण ‘ऱ्या’चे आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांतल्या. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना पंक्तीचे विचारायचे. हा अर्धा र मराठीची खास गरज आहे, हिंदीला तो लागत नाही. युनिकोडमध्ये तो दोन वाटांनी लिहिता येतो. एका वाटेत खाली टिंब असलेला वेगळा र घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्या वाटेत साधा र, हलन्त आणि त्यांच्यामागे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच, यंत्राच्या लेखी मात्र दोन भिन्न शब्द. कोणता कळफलक कोणते रूप टाकतो हे टंकणाऱ्यालाही माहीत नसते. परिणाम असा, की सभासदांच्या यादीत ‘गोऱ्हे’ समोर दिसत असते आणि शोधखिडकी सांगते, असे नाव नाही. युनिकोडचे स्वतःचे प्रमाणीकरणही या दोन रूपांना एक करत नाही. ‘ॲ’चीही तीच गत. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी लोक अ लिहून त्यावर अर्धचंद्र चढवत आणि अनेक कळफलक आजही तेच करतात. यावर उपाय एकच: मजकूर साठवतानाच दोन्ही रूपांचे एक रूप करून घ्यायचे आणि शोधायला आलेल्या शब्दावरही तोच संस्कार करायचा. दहा-बारा ओळींचा कोड पुरतो. तो का लिहायचा हे मराठी न येणाऱ्याला सुचत नाही, एवढीच अडचण.

वर्णानुक्रमातही मराठी आपली वाट धरते. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे बसवला आहे, मराठी शाळेत मात्र ‘ळ’ ‘ह’नंतर येतो, आणि त्याच्याही मागून क्ष, ज्ञ. संगणकाला नुसते क्रमवार लाव म्हटले तर ‘क्षीरसागर’ क च्या रांगेत जातात, कारण यंत्राच्या मते क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. मराठी क्रमाचे नियम तयार मिळतात, पण ते मागून घ्यावे लागतात.

अक्षरे मोजण्याचा घोळ तर रोजचा. ‘महाराष्ट्र’ हा शब्द माणसाला चार-पाच अक्षरांचा वाटतो. यंत्र त्यात दहा चिन्हे मोजते. बातमीचा गोषवारा ठरावीक चिन्हांवर कापला की मधूनच ‘महाराष्’ असे लंगडे रूप उरते. इंग्रजी मथळ्यांना ऐटदार दिसावे म्हणून अक्षरांमध्ये फट सोडण्याची पद्धत आहे. तीच युक्ती देवनागरीवर केली तर शिरोरेघ तुटते आणि शब्द विसकटून पडतो. दोन ओळींमधले अंतरही इंग्रजीच्या मापाने ठेवून चालत नाही, कारण वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. तयार आराखडे इंग्रजी मजकूर धरून केलेले असतात, त्यामुळे मराठी मजकूर ओतला की यातले काही ना काही घडतेच. म्हणून नमुन्याचे पान दाखवतानाच त्यात संस्थेचा खरा मराठी मजकूर घालणारा स्टुडिओ शहाणा समजावा.

जागेचा हिशेब वेगळा आहे. आज सर्वत्र चालणाऱ्या साठवणीच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. मजकुरापुरते याने फारसे बिघडत नाही. एका छायाचित्राच्या वजनात अख्खा दिवाळी अंक मावतो. बिघडते ते पानाच्या पत्त्यात. पत्त्यात देवनागरी आली की तिच्या प्रत्येक बाइटला टक्क्याची खूण आणि दोन अक्षरे असे रूप मिळते, म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरे. ‘गणेशोत्सव’ या एका शब्दाची अशी एक्याऐंशी अक्षरे होतात. व्हॉट्सॲपवर दुवा पाठवला की ती शेपटी पाहून वडीलधारी मंडळी तो उघडायलाच धजत नाहीत, आणि ते योग्यच आहे. वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला दोनशे अक्षरांची मर्यादा घालते, त्यामुळे लांब मराठी शीर्षक वीस-बावीस चिन्हांवर तुटते. सरळ तोडगा असा की शीर्षक मराठीत ठेवावे आणि पत्त्याचा तेवढा भाग रोमन लिपीत छोटा लिहावा. भाषेच्या अभिमानाला हे जरा बोचते, पण दुवा उघडतो.

संपूर्ण देवनागरी डोमेनची सोयही आहे. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘.भारत’ सुरू झाले आणि त्यात हिंदी, कोकणी, नेपाळी यांच्याबरोबर मराठीही होती. आतून हा पत्ता ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन संकेतात बदलला जातो, कारण इंटरनेटची नामयादी मूळची त्याच लिपीवर उभी आहे. असा पत्ता पाटीवर छान दिसतो. रोजच्या टंकलेखनात आणि ईमेलसाठी मात्र लोक रोमन पत्त्याकडेच वळतात, म्हणून दोन्ही घेऊन एक दुसऱ्याकडे वळवणे बरे.

साइट लाइव्ह झाली की ग्राहकाच्या दृष्टीने काम संपते, स्टुडिओच्या दृष्टीने सुरू होते. जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक साइटी २००३ साली जन्मलेल्या वर्डप्रेसवर आहेत. ही लोकप्रियता चोरांनाही ठाऊक असते. वर्षभर अपडेट न केलेले एखादे प्लगइन म्हणजे उघडी खिडकी. मंडळाच्या पानावर अचानक औषधांच्या किंवा जुगाराच्या जाहिराती उगवतात त्या तिथूनच आत आलेल्या असतात. अपडेट केल्यावर साइट बसू शकते, म्हणून आधी बॅकअप, मग निराळ्या प्रतीवर चाचणी, मग खरी साइट, हा क्रम. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवणे म्हणजे घराची जादा किल्ली त्याच घरात ठेवणे. जुन्या साइटी हलवताना डेटाबेसची अक्षरपद्धत चुकली तर सगळा मराठी मजकूर प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन बसतो, आणि तो तसाच पुन्हा साठवला गेला तर परत मिळत नाही. मराठी साइटीच्या बाबतीत बॅकअपचे महत्त्व इंग्रजी साइटीपेक्षा जास्त आहे ते यामुळे.

साइटीच्या सुरक्षा प्रमाणपत्राचे गणितही बदलते आहे. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर असे प्रमाणपत्र नसलेल्या साइटीला असुरक्षित म्हणून दाखवू लागला. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेने प्रमाणपत्रे फुकट द्यायला सुरुवात केली होती, त्यामुळे खर्चाची सबब उरली नाही. प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवसांची होती. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या २०२५ मधल्या ठरावानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, त्यापुढच्या वर्षीच्या त्याच तारखेपासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस. वर्षातून एकदा आठवणीने नूतनीकरण करण्याचे दिवस त्यामुळे संपले. हे काम आपोआप होईल अशी व्यवस्था सर्व्हरवर लावून ठेवणे भाग आहे.

वाचक मोबाइलवर असतो, हे वेगळे सांगायला नको. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा मापदंड आहे. मराठी साइटीवर तो दोन गोष्टींमुळे चुकतो. पहिली म्हणजे उत्सवाची छायाचित्रे कॅमेऱ्यातून जशी निघाली तशीच चढवणे. दुसरी फॉन्टांची. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टात शेकडो आकृत्या भरलेल्या असतात आणि तो इंग्रजीपेक्षा बराच जड असतो. हौसेने चार फॉन्ट वापरले की पान रांगू लागते. शीर्षकाला एक आणि मजकुराला एक, याहून जास्त फॉन्ट लागत नाहीत. मुक्त परवान्याचे मुक्ता आणि बालू हे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेले फॉन्ट यासाठी फुकट वापरता येतात.

पैशांचे आणि मालकीचे बोलणे सुरुवातीलाच झालेले बरे. डोमेन, होस्टिंग आणि देखभाल या तीन वेगळ्या बाबी आहेत. पहिल्या दोहोंचे भाडे दरवर्षी भरावे लागते, तिसरीचा करार असतो. बरेच छोटे स्टुडिओ सोयीसाठी डोमेन स्वतःच्या खात्यातून घेतात. मग तिथला मुलगा नोकरी लागून बंगळूरला जातो, फोन लागत नाही, मुदत संपते आणि संस्थेचे वीस वर्षांचे नाव तिसराच कोणी उचलतो. मंडळाच्या कार्यवाहांनी पुढच्या बैठकीआधी तीन गोष्टी तपासाव्यात: डोमेन संस्थेच्या नावावर आहे का, त्याचा पासवर्ड दोघांना तरी माहीत आहे का, आणि सभासदांच्या यादीत ‘गोऱ्हे’ शोधल्यावर सापडतात का.