ठशापासून त्रिमितीपर्यंत

अजिंठ्याची चित्रे उतरवून घेण्याचे काम रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याकडे १८४४ मध्ये आले. त्यांच्या कित्येक वर्षांच्या मेहनतीच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तेच काम नव्याने केले. त्यातल्याही अनेक प्रती १८८५ मध्ये लंडनमधल्याच दुसऱ्या आगीने नेल्या. नोंद एकाच ठिकाणी ठेवली की ती मूळ वस्तूइतकीच नाजूक ठरते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

दगडासाठी साचे आणि ठसे होते. सांचीच्या पूर्व तोरणाचा साचा हेन्री हार्डी कोल या लष्करी अधिकाऱ्याने १८७० च्या सुमारास घेतला. शिलालेखावर ओला कागद ब्रशने ठोकून वर शाई लावण्याची रीत आजही चालते. ठशात अक्षर उमटते, खोली मात्र हरवते. शिवाय झिजलेल्या दगडाला प्रत्येक वेळी हात लागतो.

खरा पालट १९९० च्या दशकाअखेरीस झाला. स्टॅनफर्डच्या मार्क लेव्हॉय यांच्या चमूने मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ लेझरने स्कॅन केला. पुतळ्यावर लेझरची रेघ फिरवायची, ती ठरावीक कोनातून कॅमेऱ्याने टिपायची आणि त्या कोनावरून एकेका बिंदूचे अंतर काढायचे. छिन्नीच्या बारीक खुणाही त्यात उमटल्या. पुढे अनेक कोनांतली छायाचित्रे जुळवून त्रिमिती प्रतिकृती करणारी फोटोग्रामेट्री सोपी झाली आणि खर्च उतरला. २०११ मध्ये गुजरातमधल्या पाटणची राणी की वाव ही पायऱ्यांची विहीर स्कॅन झाली. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी ‘जतन’ ही प्रणाली घडवली. २०१९ च्या आगीनंतर पॅरिसच्या नोत्र दामच्या दुरुस्तीत कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी आधीच केलेले स्कॅन कामी आले.

स्कॅनला मर्यादाही आहे: त्याला फक्त पृष्ठभाग दिसतो. मूर्तीवर शेंदराचे थर चढले की खालचे कोरीवकाम लेझरला सापडत नाही. जीर्णोद्धारात वीरगळ, म्हणजे वीराचा स्मृतिदगड, सिमेंटमध्ये बसला की त्याची मागची बाजू कायमची जाते. म्हणूनच मराठवाड्यातल्या अशा वारशाची नोंद हा वेळेचा प्रश्न आहे. तिथल्या बालाघाट डोंगररांगेतला धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखानाने उभारला आणि १६३१ मध्ये मोगलांच्या आझमखानाने जिंकला. त्याचे बुरूज आणि दरवाजे, तसेच आसपासच्या गावांतले वीरगळ आणि सुट्या मूर्ती यांची त्रिमिती नोंद पडझडीआधी, रंगरंगोटीआधी व्हायला हवी. चांगला कॅमेरा आणि शिकवलेले हात असले तर महाविद्यालयातली मुलेही सुरुवात करू शकतात. मोजपट्टी ठेवा, जागा आणि तारीख लिहा, मूळ छायाचित्रे जपा आणि फाइल एकाच संगणकात न ठेवता तिच्या प्रती गावात, विद्यापीठात आणि पुरातत्त्व खात्यातही द्या.